पिशवीच्या तोंडाची तपासणी: एचपीव्हीची कोणती टेस्ट करायची, कुठे, आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय

गेल्या वर्षी गणपतीनंतर दापोलीकडची एक बाई माझ्यासमोर तीन कागद ठेवून बसली. वय बेचाळीस, काजूच्या कामाला जाणारी, नवरा मुंबईला. पहिला कागद पॅप स्मिअरचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशींच्या तपासणीचा, त्यावर ‘इन्फ्लमेटरी’ असा शेरा. दुसरा एचपीव्हीचा, त्यात अठ्ठावीस प्रकारांची लांबलचक यादी आणि ४२ नंबरच्या प्रकारापुढे ‘पॉझिटिव्ह’. तिसरी पावती, पिशवीच्या तोंडाच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी शहरात भरलेल्या आगाऊ पैशांची. “ताई, ह्यातला खरा कोणता? माका कॅन्सर हा की नाय?” महिनाभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

‘इन्फ्लमेटरी’ म्हणजे सूज. ती साध्या जंतुसंसर्गानेही येते. एचपीव्ही हा एक विषाणू, त्याचे काही प्रकार गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकतात. ४२ नंबरचा एचपीव्ही हा कॅन्सर न करणाऱ्या प्रकारांतला आहे. तिला धोकादायक असं त्या तिन्ही कागदांत काहीच नव्हतं. लॅबने दोन्ही वेळा खरं तेच सांगितलं होतं, पण त्यातलं दुसरं उत्तर तिला मुळात लागणारच नव्हतं. लॅबमध्ये इतकी वर्षं काम केल्यावर मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. एचपीव्हीची टेस्ट म्हणून बाई पैसे भरते, आणि त्या नावाखाली पाच-सहा वेगवेगळ्या टेस्ट असतात हे तिला कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख सविस्तर लिहिते आहे. आशाताई, सिस्टर, गावातल्या शिकलेल्या सुना-मुली यांनी तो वाचून पुढे सांगावा.

आधी ठरवा: तपासणी हवी आहे की डॉक्टर

संबंधानंतर रक्त जातं, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावर जातं, दोन पाळ्यांच्या मधेच डाग पडतात, घाण वासाचं पाणी जातं, यातलं काहीही असेल तर पुढचं काही वाचत बसू नका. सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि पिशवीचं तोंड डोळ्यांनी पाहून घ्या, गरज पडली तर तुकडा काढून तपासा. त्रास असलेल्या बाईला निगेटिव्ह स्क्रीनिंग रिपोर्ट दाखवून घरी पाठवणं चूक आहे. स्क्रीनिंग ही कसलाही त्रास नसलेल्या बाईची तपासणी असते.

वय तीस झालं की सुरुवात करायची. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा सल्ला असा आहे की सर्वसाधारण बाईने तिशीपासून एचपीव्ही डीएनए टेस्ट करावी आणि ती निगेटिव्ह आली तर दर ५ ते १० वर्षांनी पुन्हा करावी. एचआयव्ही असलेल्या बाईने २५ पासून, दर ३ ते ५ वर्षांनी. तिशीच्या आत एचपीव्हीची टेस्ट का नको? कारण त्या वयात हा विषाणू पुष्कळ मुलींना लागतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. तेव्हा टेस्ट केली तर भीतीच पदरात पडते. कॅन्सर होण्यासाठी विषाणूने तिथे वर्षानुवर्षं ठाण मांडून बसावं लागतं. निरोगी बाईत यात साधारण १५ ते २० वर्षं जातात. एवढा लांब वेळ हातात असतानाही या कॅन्सरने २०२२ साली भारतात सुमारे ८० हजार बायका गेल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. सवाष्णीची ओटी भरतो त्या वयाच्या बायका आहेत या.

तीन वाटा: डोळ्याने, सूक्ष्मदर्शकाने, विषाणू शोधून

पहिली व्हीआयए. सिस्टर किंवा डॉक्टर पिशवीच्या तोंडाला ३ ते ५ टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे सौम्य व्हिनेगरच, लावतात आणि मिनिटभर थांबून पांढरा चट्टा उमटतो का ते पाहतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी ठरलेली आहे. निकाल जागच्या जागी आणि पैसा लागत नाही. मात्र ती पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते, आणि पाळी गेलेल्या बाईत पाहायचा भाग आत सरकलेला असतो, त्यामुळे पन्नाशीनंतर तिचा भरवसा धरू नये.

दुसरी पॅप. पिशवीच्या तोंडाच्या पेशी खरवडून काचेवर पसरायच्या किंवा द्रवाच्या बाटलीत टाकायच्या, मग पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं रूप पाहायचं. बाटलीवाल्या प्रकाराला एलबीसी म्हणतात. त्यात काच स्वच्छ दिसते आणि उरलेल्या द्रवातून एचपीव्हीही तपासता येतो. पॅप विषाणू शोधत नाही, विषाणूने पेशीचं काय केलं ते शोधते. ज्या देशांनी दर तीन वर्षांनी, चांगल्या लॅबमधून, न चुकता पॅप केली तिथे हा कॅन्सर खूप घटला. आपल्याकडे अडतं ते ‘न चुकता’ या शब्दापाशी.

तिसरी वाट एचपीव्हीची. ही विषाणूची जनुकंच शोधते. एचपीव्ही आणि हा कॅन्सर यांचं नातं हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात दाखवलं आणि २००८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

या तीन वाटांची सगळ्यात मोठी तुलना घाटावर, आपल्याच राज्यात झाली, आणि आपल्याकडच्या किती डॉक्टरांनाही ती माहीत नसते याचं मला वाईट वाटतं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका १९९९ पासूनच्या या अभ्यासात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि टाटा स्मारक यांचा त्यात मोठा वाटा. गावांचे चार गट केले: एकात एचपीव्हीची एकच टेस्ट, एकात पॅप, एकात व्हीआयए, आणि एकात नेहमीसारखीच सोय. आठ वर्षांनी मोजलं तर नेहमीच्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या होत्या आणि एचपीव्हीच्या गटात ३४. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. टेस्ट आयुष्यात एकदाच केली होती हे लक्षात ठेवा. मुंबईच्या वस्त्यांत झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी चार वेळा व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे व्हीआयएही उपयोगी आहे, पण ती पुन:पुन्हा करावी लागते. शिमग्यापासून गणपतीपर्यंत ज्या बाईला स्वतःसाठी एक दिवस मिळत नाही, तिला एकदाच करून पाच-दहा वर्षं निर्धास्त राहता येईल अशी टेस्ट द्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. उपकेंद्रात आज व्हीआयएच होत असेल तर ती जरूर करा. एचपीव्हीची वाट पाहत काहीच न करणं सगळ्यात वाईट.

हजार बायकांचं गणित

टेस्टची तुलना करताना दोन गोष्टी पाहायच्या: आजार असलेल्या किती जणींना ती पकडते, आणि आजार नसलेल्या किती जणींना उगाच पकडते. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासांची २००६ साली जी एकत्र मोजणी झाली, तिच्यात एचपीव्ही टेस्टने आजार असलेल्या शंभरातल्या सुमारे ९६ जणी पकडल्या, पॅपने ५३. आजार नसलेल्या शंभरात एचपीव्हीने सुमारे ९१ जणींना बरोबर निगेटिव्ह सांगितलं, पॅपने ९६ जणींना.

आता हे गावात आणू. हजार बायका घ्या आणि त्यात कॅन्सरच्या वाटेवर बऱ्याच पुढे गेलेला बदल दहा जणींमध्ये आहे असं धरा. पॅप त्यातल्या पाच जणींना शोधेल आणि सुमारे ३७ जणींना विनाकारण पुढच्या तपासणीला धाडेल. एचपीव्ही जवळपास दहाच्या दहा जणींना शोधेल, पण सुमारे ९२ जणींना विनाकारण पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे या उदाहरणात एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्या दहा बायकांतल्या नऊ जणींना आजार नसतो. हे वाक्य प्रत्येक सिस्टरने पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात देण्याआधी बोलून दाखवावं. उलट बाजूही तितकीच खरी: निगेटिव्ह आलेल्या जवळजवळ नऊशे जणींत राहून गेलेली एखादीही सापडणं कठीण. एचपीव्ही टेस्टची खरी ताकद तिच्या ‘निगेटिव्ह’मध्ये आहे.

एचपीव्हीच्या टेस्टमधला फरक: लॅबला विचारायचे प्रश्न

इथे जरा थांबून वाचा, कारण पैसे इथेच वाया जातात.

पहिला प्रश्न: ही टेस्ट फक्त जास्त धोक्याचे प्रकार शोधते का? एचपीव्हीचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. कॅन्सरसाठी स्पष्ट जबाबदार ठरलेले १२: १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८, ५९. बहुतेक नावाजलेल्या टेस्ट यांत ६६ आणि ६८ मिळवून १४ पाहतात. ६ आणि ११ चामखिळी करतात. ४२, ४३, ४४ वगैरेंचा कॅन्सरच्या तपासणीशी संबंध नाही. तेव्हा चौदाऐवजी अठ्ठावीस प्रकार दिसले म्हणून टेस्ट दुप्पट चांगली होत नाही. दापोलीच्या त्या बाईचं जे झालं ते याच यादीमुळे. कमी धोक्याचे प्रकार तपासणारी टेस्ट स्क्रीनिंगसाठी घेऊच नका.

दुसरा प्रश्न: १६ आणि १८ वेगळे सांगते का? जगभरात या कॅन्सरच्या दहातल्या सात रुग्णांत हे दोन सापडतात, आपल्या देशात त्याहून थोडे जास्तच. ‘हायब्रिड कॅप्चर २’ ही जुनी, धाराशिवच्या अभ्यासात वापरलेली टेस्ट १३ प्रकारांचा एकच निकाल देते: आहे किंवा नाही. रोशची ‘कोबास’ १४ पाहते, १६ आणि १८ वेगळे सांगते, बाकी १२ एकत्र. सेफिडची ‘एक्सपर्ट एचपीव्ही’ १६ वेगळा, १८ आणि ४५ जोडीने, उरलेले तीन गटांत सांगते. बीडीची ‘ऑनक्लॅरिटी’ आणखी बारीक फोड करते. वेगळं सांगण्याचा फायदा असा की १६ किंवा १८ आला तर थेट दुर्बिणीच्या तपासणीला जायचं, बाकीचे आले तर आधी पॅप किंवा व्हीआयए करून पाहायचं. एक फेरी वाचते, आणि खेड-गुहागरकडच्या बाईची एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी.

तिसरा प्रश्न: नमुन्यात पेशी होत्या की नाही हे टेस्ट तपासते का? हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोबास, एक्सपर्ट यांसारख्या पीसीआर टेस्ट, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती करून ते शोधणाऱ्या टेस्ट, विषाणूबरोबर माणसाचं एक जनुकही शोधतात. ते सापडलं नाही तर रिपोर्ट ‘इनव्हॅलिड’ येतो, म्हणजे ब्रशवर पेशीच आल्या नव्हत्या, नमुना पुन्हा द्या. हायब्रिड कॅप्चर २ मध्ये ही पडताळणी नाही. रिकामा ब्रश आला तरी ती ‘निगेटिव्ह’ छापते. बाई खूश होऊन घरी जाते.

चौथा: डीएनए की आरएनए? वरच्या सगळ्या डीएनएच्या. होलॉजिकची ‘ॲप्टिमा’ विषाणूच्या ई६ आणि ई७ या जनुकांनी पाठवलेले संदेश, म्हणजे एमआरएनए शोधते. विषाणू नुसता बसलाय की कामाला लागलाय याचा तिला अंदाज येतो, त्यामुळे उगाच पॉझिटिव्ह थोडे कमी येतात. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ती डॉक्टर किंवा सिस्टरने घेतलेल्या नमुन्यावरच करावी आणि पाच वर्षांनी पुन्हा करावी असं सांगितलं आहे. स्वतः घेतलेल्या नमुन्यासाठी ती नको.

पाचवा: तिची मान्य टेस्टशी तुलना झाली आहे का? २००९ साली शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने निकष ठरवले: नव्या टेस्टने जुन्या मान्य टेस्टच्या तुलनेत किमान ९० टक्के आजार पकडला पाहिजे, निरोगी बाईला निरोगी म्हणण्यात किमान ९८ टक्के बरोबरी केली पाहिजे, आणि तोच नमुना दुसऱ्यांदा चालवला तर निकाल जुळला पाहिजे. बाजारात असे पीसीआर किट पुष्कळ आहेत ज्यांची अशी परीक्षा कधी झालेलीच नाही. लॅबला बेधडक विचारा, “किट कुठल्या कंपनीचं? स्क्रीनिंगसाठी पारखलेलं आहे का?” नाव सांगायला टाळाटाळ करणाऱ्या लॅबमध्ये मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही. लॅब पारखणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता असेल तर ती एचपीव्हीच्या टेस्टला आहे का तेही पाहा. नुसत्या रक्तातल्या साखरेला असलेली मान्यता इथे कामाची नाही.

आणि आपल्या दाराशी असलेली एक गोष्ट. टीबीसाठी ट्रूनॅट आणि जीनएक्सपर्ट ही मशीनं आता खूप सरकारी दवाखान्यांत आहेत. एक्सपर्ट एचपीव्ही त्या जीनएक्सपर्टवरच चालते, फक्त वेगळं कार्ट्रिज, म्हणजे मशीनमध्ये घालायची टेस्टची डबी, लागतं, आणि साधारण तासाभरात निकाल येतो. ट्रूनॅट बनवणारी मोलबायो ही कंपनी गोव्याची. तिचं मशीन बॅटरीवर चालतं, पावसात वीज गेली की तासन्‌तास न येणाऱ्या गावांत ही मोठी सोय आहे. तिची ‘एचपीव्ही-एचआर प्लस’ ही चाचणी ८ प्रकार पाहते: १६, १८, ३१, ३३, ३५, ४५, ५२, ५८. हे आठच बहुतांश कॅन्सरांमागे असतात. मोलबायो आणि पुण्याची मायलॅब यांच्या किटची दिल्लीचं एम्स, नोएडा आणि मुंबईतल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्थांत पारख झाल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. मशीन असलं म्हणून कार्ट्रिज किंवा चिप असेलच असं नाही, तेव्हा आधी फोन करा.

नमुना: सिस्टरने घ्यायचा की स्वतः

पाळी चालू असताना नमुना नको. आधीचे दोन दिवस योनीत गोळी, मलम, धुणं आणि संबंध टाळा. हे पॅपसाठी जास्त महत्त्वाचं, पण सवय म्हणून दोन्हीला पाळा. गरोदर असाल तर स्वतः नमुना घेऊ नका.

किती बायका निव्वळ लाजेपायी येत नाहीत हे सांगायला नको. पुरुष डॉक्टर आहे म्हणून, आरोग्य केंद्रातला शिपाई गावचाच आहे म्हणून. त्यांच्यासाठी स्वतः नमुना घेण्याची सोय मला देणगी वाटते. मऊ ब्रश किंवा स्वॅब योनीत बोटभर आत घालायचा, सांगितल्याप्रमाणे काही वेळा हलका फिरवायचा, बाहेर काढून नळीत ठेवायचा. मोरीत दार लावून दोन मिनिटांत होतं. पिशवीच्या तोंडापर्यंत पोचायची गरज नाही. पीसीआर टेस्ट असेल तर हा नमुना सिस्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच आजार पकडतो. हायब्रिड कॅप्चरसारख्या टेस्ट मात्र इथे मागे पडतात. म्हणून स्वतः नमुना द्यायचा तर आधी विचारा, टेस्ट पीसीआरची आहे ना? पॅप आणि व्हीआयए स्वतः करता येत नाहीत, आणि पॉझिटिव्ह आलं तर आतून तपासणी करून घ्यावीच लागते, हेही त्याच वेळी सांगायला हवं.

नळीवर नाव, वय, तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या. आपल्याकडचे पुष्कळ नमुने मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूरला जातात. द्रवातले नमुने साध्या तापमानाला बरेच दिवस टिकतात, म्हणून प्रवासाची धास्ती नको. पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत डबा पडून राहू नये, आणि जुलैत घाट बंद पडला तर नमुना कुठे थांबतो हे गोळा करणाऱ्याला विचारून घ्या.

टेस्टच्या आधी ठरवायची जागा: पॉझिटिव्ह आलं तर कुठे

कोणतीही टेस्ट घेण्याआधी मी बाईला हेच विचारते. उत्तर नसेल तर आधी ते शोधू. रायगडवाल्यांना पनवेल-मुंबई जवळ, खारघरला टाटा स्मारकचं ॲक्ट्रेक आहे, परळला टाटा. चिपळूण-संगमेश्वरकडे डेरवणचं वालावलकर रुग्णालय. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय, सिंधुदुर्गात ओरोसला. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याची माणसं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातातच. तिथे कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने पिशवीचं तोंड मोठं करून पाहणं, कोणत्या वारी होते, आणि तापवून किंवा तारेने बिघडलेला भाग काढण्याची सोय आहे का, हे फोनवर विचारा आणि कागदावर लिहा.

वेळही आपल्या कामांप्रमाणे निवडा. हर्णे, मिरकरवाडा, मालवणच्या कोळणींना पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत सवड असते. शेतकरणीला लावणीत अजिबात नसते, ती भातकापणी आटोपल्यावर येऊ शकते. आंबा-काजूवाल्यांना मार्च ते मे हात रिकामा नाही. टेस्टचा निकाल यायच्या वेळी तुम्ही मोकळ्या असाल अशी तारीख धरा.

रिपोर्ट वाचताना

निगेटिव्ह: पाच वर्षं तरी पुन्हा एचपीव्ही टेस्टची गरज नाही. दर वर्षी करा असं कुणी सांगितलं तर कारण विचारा. मधे त्रास झाला तर मात्र वाट पाहायची नाही.

इनव्हॅलिड: नमुना पुन्हा द्या. यात घाबरण्यासारखं काही नाही.

१६ किंवा १८ पॉझिटिव्ह: कॉल्पोस्कोपी करून घ्या, टाळू नका. तरीही हा कॅन्सरचा रिपोर्ट नव्हे. इतर जास्त धोक्याचे प्रकार पॉझिटिव्ह: पॅप किंवा व्हीआयए करा. ती बिघडलेली आली तर कॉल्पोस्कोपी, ठीक आली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दोन वर्षांनी पुन्हा एचपीव्ही. तुमचे डॉक्टर वर्षभरात बोलावत असतील तर तेही बरोबरच.

पॅपच्या कागदावरचे शब्द: ‘एनआयएलएम’ म्हणजे कॅन्सरच्या दिशेचं काही दिसलं नाही. ‘एस्कस’ म्हणजे शंका, नक्की सांगता येत नाही, इथे एचपीव्ही टेस्टने निवाडा होतो. ‘एलसिल’ हलका बदल. ‘एचसिल’ म्हणजे कॅन्सरच्या दिशेने बराच पुढे गेलेला बदल, ते दिसलं तर मात्र महिने घालवू नका. पीसीआरच्या रिपोर्टवर ‘सीटी’ नावाचा आकडा असेल तर त्यावरून आजार किती हे ठरवू नका. नमुन्यात पेशी किती आल्या यावरही तो बदलतो.

आणि एक गोष्ट, जी मी दार लावून, बाईचा हात हातात घेऊन सांगते. पॉझिटिव्ह रिपोर्टवरून नवऱ्यावर किंवा बाईवर संशय घ्यायचा नाही. हा विषाणू संबंधांतून येतो हे खरं, पण तो वर्षानुवर्षं गप्प राहून नंतर दिसू शकतो. लग्नाला वीस वर्षं झालेल्या, एकमेकांशी प्रामाणिक जोडप्यातही तो आज सापडू शकतो. नवरा चाकरमानी आहे, सहा-सहा महिने घरी येत नाही, म्हणून रिपोर्टवरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. रिपोर्टवर तारीख असते ती टेस्टची, विषाणू लागल्याची नव्हे.

काही वेगळ्या परिस्थिती

पिशवी काढली असेल तर डिस्चार्जचा कागद पाहा. तोंडासकट सगळी पिशवी काढली, कारण गाठी किंवा अंगावर जाणं होतं आणि आधी कधी एचसिल किंवा कॅन्सर नव्हता, तर ही तपासणी लागत नाही. तोंड ठेवून वरचा भागच काढला असेल तर लागते. आपल्याकडे ‘पिशवी काढली’ एवढंच माहीत असतं. कागद नसेल तर सिस्टर आत पाहून सांगू शकते.

एचपीव्हीची लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करावी. सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस १६ आणि १८ या कॅन्सर करणाऱ्या प्रकारांपासून, आणि ६ आणि ११ या चामखिळींच्या प्रकारांपासून वाचवते. बाकीचे प्रकार उरतातच.

बिघडलेला भाग काढून टाकला असेल तर बारा महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही टेस्ट. हीच फेरी सगळ्यात जास्त बुडते, कारण बरं वाटत असतं. पन्नाशीनंतर, ठरलेल्या अंतराने केलेल्या दोन टेस्ट लागोपाठ निगेटिव्ह असतील तर थांबता येतं. आयुष्यात एकदाही न केलेल्या साठीच्या आजीला मात्र ‘आता काय करायचं’ म्हणून परत पाठवू नका. तिची एक टेस्ट करा.

शेवटी कागद. रिपोर्टच्या मागे पेनाने लिहून ठेवा: तारीख, टेस्टचं आणि किटचं नाव, निकाल, पुढची तपासणी कोणत्या साली. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा कपाटांसकट कागद गेले, आणि नंतर कोणत्या बाईची कोणती टेस्ट कधी झाली होती हे तिलाही सांगता येईना. दोन्ही बाजूंचा फोटो काढून स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि तोच फोटो लेकीच्या किंवा सुनेच्या मोबाइलवर पाठवून द्या.